कोंबडीच्या पोटातलं सफरचंद

आधीच सांगते, मी वाईट मनानं काही केलं नाही. गावातल्या चार बाया वेगळं सांगतील, त्यांना सांगू दे. त्यांच्या जिभेला हाड नाही आणि माझ्याही नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण झामफिराच्या कोंबड्यांना सफरचंदं घातली ती मीच, आणि ती घातली तिच्या पोटात दोन घास जावेत म्हणून.

झामफिरा माझी शेजारीण. मधे फक्त फळ्यांचं कुंपण, तेही तिच्या बाजूला कललेलं. नवरा गाव्रिल इटलीत बांधकामावर. वर्षातून दोनदा येतो, एकदा नाताळला आणि एकदा भांडायला. मुलगी एकच, कातिंका. सहा वर्षांची असताना, ईस्टरच्या आधीच्या उपासात, तापानं फणफणली. ताप डोक्यात गेला आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटपलं. मी तिला अंघोळ घातली, कारण झामफिराच्या हातात ताकद नव्हती. ते सांगत बसत नाही. सांगवत नाही.

त्या पोरीला कोंबड्यांचं भारी वेड. त्यांच्या परड्यात संत पेत्रूच्या सफरचंदांचं झाड आहे. ही जात सगळ्यांच्या आधी पिकते, जूनच्या शेवटी, पेत्रूच्या सणाला. पिवळट, भुसभुशीत, झाडावरून पडलं की चेपलंच. चेपलेलं माणूस कशाला खाईल, ते कोंबड्यांचं. कातिंकाला चाकू द्यायचा नाही, म्हणून ती दातानं तुकडे तोडायची, तळहातावर धरायची आणि ओरडायची, "पुई-पुई-पुई!" की सातही कोंबड्या पंख फडफडवत यायच्या आणि उड्या मारमारून हातातून घ्यायच्या. पोर खिदळायची. मी कुंपणावरून ओरडायचे, "अगं भवाने, बोट तोडतील!" तर म्हणायची, "तुमचं तोडतील सफ्तामावशी, माझं नाही."

आता नियम सांगते. आमच्याकडे ज्या आईचं मूल गेलंय तिनं संत इलियेच्या सणापर्यंत सफरचंद तोंडाला लावायचं नाही. इलिये येतो वीस जुलैला. त्या दिवशी वर गेलेल्या सगळ्या मुलांना तिथे एका रांगेत उभं करतात आणि एकेकाच्या हातात सफरचंद देतात. ज्या आईनं पाळलं नाही तिच्या मुलाला सांगतात, "तुझं डुकरानं खाल्लं, जा." आणि ते मूल रिकाम्या हातानं बाकीच्यांची तोंडं बघत उभं राहतं. पाद्री ओनुफ्रे म्हणतात, असं कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पुस्तकं लिहिणाऱ्यांची मुलं थोडीच गेली होती!

कातिंका गेली त्याच उन्हाळ्यात झामफिराच्या हातून चूक झाली. गाव्रिल यायचा होता, ती त्याच्यासाठी सफरचंदाची पोळी करत होती, आणि साखर पुरेशी आहे का बघायला तिनं चमचा तोंडात घातला. कुठलीही बाई घालते, हात आपोआप जातो. गिळल्यावर लक्षात आलं. भांडं तिनं तसंच अंगणात भिरकावलं आणि अशी किंचाळली की मी हातातली बादली टाकून धावले. इलियेच्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. दिवसभर एकच, "सगळ्यांना मिळालं असेल मावशी. तिला नाही."

ही गोष्ट त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची. ह्या खेपेला झामफिरानं कंबर कसली होती. काहीही झालं तरी कातिंकाला सफरचंद मिळालं पाहिजे. जूनच्या शेवटी झाडाखाली फळं पडायला लागली, तशी ती उजाडायच्या आत उठून एकेक वेचायची आणि खड्ड्यात पुरायची. आणि कोंबड्या, ज्या जन्मभर परडंभर हिंडल्या, त्यांना तिनं माझ्या कुंपणालगत जाळी ठोकून आत कोंडलं. वर पत्रा, पुढ्यात मका आणि पाणी. बस्स.

"हे काय गं," मी विचारलं, "कोंबड्यांना कसली शिक्षा?"

"त्या सफरचंद खातात."

"मग? कोंबडी ती! तिला काय कळतंय सण कुठला नि उपास कुठला!"

"मला कळतं ना," ती म्हणाली. "ती सफरचंद खाणार, त्याचं अंडं होणार, ते अंडं मी खाणार. मग सफरचंद कुणी खाल्लं?"

"अंड्याचं सफरचंद होत असेल तर मी बिशप झाले!"

ती हसली नाही. मी म्हटलं, "बरं बाई, मग एकवीस दिवस अंडं खाऊ नकोस."

"दुसरं काही उतरत नाही घशाखाली."

हे मात्र खरं होतं. पोर गेल्यापासून मक्याच्या पिठाच्या मामालिगाचा एक तुकडा आणि एक अंडं, एवढ्यावर ती बाई जगत होती. मांस पुढ्यात ठेवलं की ओकारी, दूध नको, भाजी नको. मनगटं बघवत नव्हती. मी हातातलं सफरचंद खात खातच तिच्याशी बोलत होते, मला त्याचं भानही नव्हतं. तिचं लक्ष गेलं.

"तुम्ही कसं हो खाता?" तिनं विचारलं. "तुमचाही गेलाय ना?"

गावात हे मला कोणी विचारत नाही. माझा नवरा तोदेर होता तोवर त्यानंही कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "माझा दोन दिवसांचा होता. बाप्तिस्म्याला पाद्री पोचायच्या आत गेला. पाणी नाही, नाव नाही. सासू म्हणाली, ज्याला नावच नाही त्याला वर हाक कोण मारणार, आणि हाक नाही तर वाटा कसला? तू खुशाल खा. मग खाल्लं मी. त्याच उन्हाळ्यात, तिच्या समोर बसून, कचाकचा. त्रेचाळीस वर्षं खातेय."

झामफिरा माझ्या हातातल्या सफरचंदाकडे बघत राहिली. शेवटी मीच ते फेकून दिलं आणि घरात गेले. राग आला होता मला. कोणाचा, ते नका विचारू.

चार दिवसांत कोंबड्यांनी अंडी बंद केली. पत्र्याखालचा उकाडा, नुसता मका, आणि पाय मोकळे करायला जागा नाही. आधी दोन मिळत होती, मग एक, मग तेही नाही. झामफिरा नुसती मामालिगा पाण्यात कालवून प्यायला लागली. मी माझी अंडी नेऊन दिली तर हात जोडून परत केली, "तुमच्या कोंबड्या फळं खातात मावशी." एका सकाळी विहिरीशी तिला भोवळ आली. मी बघितलं. कुंपण धरून खाली बसली आणि कितीतरी वेळ उठलीच नाही.

मग मी काय करायला हवं होतं? बघत बसायला हवं होतं?

ती रोज दुपारी दफनभूमीत जायची. ती वळणाआड गेली की मी कुंपणाची एक सैल फळी सरकवायची आणि जाळीतून दोन सफरचंदं, चार-चार फोडी करून, आत टाकायची. कोंबड्या अशा तुटून पडायच्या की एक बी शिल्लक राहायचं नाही. तिसऱ्या दिवशी एक अंडं आलं. पाचव्या दिवशी तीन. झामफिरा झग्याच्या ओच्यात अंडी घेऊन कुंपणाशी आली, गालाला थोडा रंग चढलेला.

"बघा ना मावशी, नुसत्या मक्यावर घालतायत! कातिंकाच बघतेय हं त्यांच्याकडे."

मी सैल फळीपुढे सरकून तोंड फिरवलं. पण तिनं त्या रात्री दोन अंडी खाल्ली. दुसऱ्या दिवशीही दोन. केस विंचरून वेणी घातली. मी मनाला म्हटलं, सफ्ता, तू पुण्य करते आहेस. पुण्य करणाऱ्याला चोरासारखी फळी सरकवावी लागत नाही, हे मन उलट म्हणालं, पण मी त्याला गप्प केलं. खाई त्याला खवखवे. मी तर खायला घालत होते.

इलियेला सहा दिवस राहिले होते. भर दुपार, वारा नाही, पानसुद्धा हलत नव्हतं. मी फळी सरकवली, फोडी आत टाकल्या, आणि एकही कोंबडी आली नाही.

सातही जणी जाळीच्या पलीकडच्या कोपऱ्यात होत्या. गोल करून उभ्या, माना वर. आवाज नाही. कोंबड्या कधी गप्प बसतात का हो? ह्या बसल्या होत्या. मधे जागा मोकळी, नुसती माती. आणि सातही जणी त्या मोकळ्या जागेत, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर, कशाकडे तरी बघत होत्या.

मग तांबडीनं उडी मारली. मान लांब करून, चोच उघडून, कोणाच्या हातातून घ्यावं तशी. रिकाम्या चोचीनं खाली आली. मग पांढरीनं मारली. तीही रिकामीच. एकेक जण उडी मारत होती आणि काही न मिळता खाली येत होती, आणि तरी परत मान वर करून थांबत होती. माझ्या पायाशी सफरचंदाच्या फोडी पडलेल्या, त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

मी पळाले. ह्या वयात, चपला तिथेच टाकून. घरात जाऊन दाराला कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसले. म्हातारीला ऊन लागलं, असं म्हणा हवं तर. मीही तेच म्हटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी, डोकं ओल्या फडक्यानं बांधून, परत गेले. तसंच. तिसऱ्या दिवशी मी सफरचंद नेलंच नाही, रिकाम्या हातानं गेले. तरी तसंच. त्या दिवशी मी पळाले नाही. फळीच्या फटीतून हळूच म्हटलं, "कातिंका, बाळा, तुझ्या हातात काही नाही का गं?"

सातही कोंबड्यांनी एकदम माना माझ्याकडे वळवल्या. मला रडू फुटलं. भीतीनं नाही. त्या पोरीकडे कोंबड्यांना द्यायलासुद्धा काही नव्हतं, आणि ते माझ्यामुळे, म्हणून.

तरी मी बोलले नाही. तीन दिवस दातावर दात धरून बसले. बोलून काय होणार होतं? जे खाल्लं ते खाल्लं. उलट ती पुन्हा खाणं टाकेल.

सणाच्या आदल्या दिवशी झामफिरानं हाक मारली. ओसरीवर टोपली होती, तिच्यात ताजी तोडलेली सफरचंदं, आणि ती एकेक फडक्यानं पुसत होती. चेहरा असा उजळलेला की मला ती लग्नातली झामफिरा आठवली. "ह्या वर्षी मिळणार तिला," म्हणाली. "एकवीस दिवस मावशी! एक कणसुद्धा नाही. आता रांगेत उभी राहू दे खुशाल."

मी सांगून टाकलं. कसं तोंडातून आलं मला माहीत नाही. फळी, फोडी, रोज दोन, सगळं. कोपऱ्यातलं तेवढं सांगितलं नाही.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं हातातलं सफरचंद जपून टोपलीत ठेवलं. "कधीपासून?"

"पंधरा दिवस."

ती उठली, अंगणात गेली आणि घशात बोटं घातली. पंधरा दिवसांचं अंडं ओकून बाहेर येतं का? ती वाकून वाकून ओकत राहिली, पिवळं पाणी पडायला लागलं तरी थांबेना. मी तिचं कपाळ धरायला गेले तर तिनं माझ्या तोंडात भडकावली. चांगली सणसणीत. मी म्हटलं, "आणखी मार." तिनं आणखी एक मारली. मग माझ्याच खांद्यावर डोकं टेकून अशी रडली की माझा सदरा भिजला.

"काय सांगतील हो तिला?" ती विचारत होती. "तुझं कोंबडीनं खाल्लं, असं सांगतील?"

करायला गेले काय नि वर झाले पाय. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि डोकं चालवत राहिले. माझं डोकं असल्याच वेळी चालतं. मला कातिंकाला पुरलं तो दिवस आठवला. पेटी खाली सोडताना आम्ही जिवंत काळी कोंबडी खड्ड्यावरून पलीकडे उभ्या असलेल्या बाईच्या हातात दिली होती. सगळेच देतात. ती कोंबडी जिवाच्या पुढे पुढे जाते आणि पायानं उकरून वाटेवरचे काटे बाजूला सारते.

"झामफिरा," मी म्हटलं, "कोंबडी वर पोचते ना?"

"पोचते."

"मग सफरचंद कोंबडीच्या पोटात आहे. कोंबडीच दे."

तिनं डोकं वर काढलं. नाक पुसलं. "कुठली? कुठलीनं खाल्लं?"

"सगळ्याच तुटून पडायच्या."

"मग सगळ्या," ती म्हणाली.

सणाच्या सकाळी चर्च सुटल्यावर आम्ही निघालो. सात कोंबड्या पाय बांधून हातगाडीत. दान घ्यायला मूल लागतं, कारण मुलाच्या नावाचं दान मुलाच्याच हातात द्यायचं. आणि गावात मुलं राहिलीत कुठे? आईबाप इटलीत, स्पेनमध्ये, शाळेला दोन वर्षं कुलूप. आम्ही घरोघर हिंडलो. गिरणीपाशी आजीकडे राहणारे दोघे भाऊ. पोस्टातल्या बाईची मुलगी. सैरावैरा पळणारं एक शेंबडं, ज्याला आईनं पकडून आणलं. झामफिरा प्रत्येकाच्या हातात कोंबडी ठेवायची आणि म्हणायची, "कातिंकाच्या आत्म्यासाठी." मुलानं "बोग्दाप्रोस्ते" म्हणायचं, म्हणजे मेलेल्याला क्षमा होवो. तेवढं म्हटलं की पोचलं. शेंबड्याला म्हणता येईना, त्याला मी तीनदा शिकवलं. मग सुट्टीवर आलेली स्पेनची दोन भावंडं. मुलीनं नीट म्हटलं. मुलगा कोंबडीला घाबरून बापाच्या पायाआड लपला आणि "ग्रासियास" म्हणाला. "ग्रासियास नाही रे बाबा," मी ओरडले, "वर कोणाला स्पॅनिश येत नाही!" बाप हसला. झामफिरा हसली नाही, मुलगा बरोबर म्हणेपर्यंत तिथून हलली नाही.

सहा झाल्या. सातवी तांबडी. आम्ही नदीपर्यंत जाऊन आलो, दोन दारं ठोठावली. मूल नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. माझ्या फाटकाशी झामफिरा थांबली, तांबडीला उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"तुम्ही घ्या."

"मी म्हातारी बाई. मूल हवं."

"तुमच्या मुलासाठी देतेय. आई घेईल त्याची."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी दोन पावलं मागे सरले. "वेडी आहेस का? सफरचंद हिच्याच पोटात असलं तर? तांबडी सगळ्यांत हावरट! मग कातिंकाला काय?"

"कातिंकाच्या सहा झाल्या," ती म्हणाली. तिलाही ते माहीत होतं, तरी तिनं हात मागे घेतला नाही. "तुमच्याला एकही नाही. त्रेचाळीस वर्षं उभा आहे तो तिथे. नाव सांगा."

"त्याला नाव नाही, सांगितलं ना तुला!"

"मग ठेवा. माझे हात भरून आलेत मावशी."

मी रागावणार होते. तोंड उघडलं ते शिवी द्यायला, आणि बाहेर आलं, "साव्हा."

म्हणजे नाव तयारच होतं. त्रेचाळीस वर्षं जिभेखाली धरून मी सफरचंदं चावत होते. झामफिरानं म्हटलं, "साव्हाच्या आत्म्यासाठी." तांबडी माझ्या हातात आली, पंख झाडले, सदऱ्यावर घाण केली. मी म्हटलं, "बोग्दाप्रोस्ते." आणि फाटकातच खाली बसले.

कातिंकाला मिळालं की नाही, कोण सांगणार. झामफिरा खाते आता, थोडं थोडं सगळंच. ती काही विचारत नाही, मीही कोपऱ्यातलं सांगत नाही.

पण नाव नव्हतं तोवर माझं बरं होतं हो. माझा कधी आला नव्हता. झोपेत नाही, परड्यात नाही, कुठेच नाही. ज्याला हाक नाही तो कशाला येईल? आता मी दारात उभी राहते आणि नाव घेते. मोठ्यानं नाही, पण घेते. घेतल्याशिवाय राहवत नाही. दोन दिवसांच्या तान्ह्याला बोलावते की त्रेचाळीस वर्षांच्या बाप्याला, मलाही ठाऊक नाही. त्याला चालता तरी येतं का, तेही ठाऊक नाही. पण नाव घेतलं की तो येतो, आणि आत ये म्हणून मला सांगता येत नाही, आणि जा म्हणूनही नाही.